घरच्या स्टुडिओत कॉम्प्रेसर: कोणता निवडावा, कसा ऐकावा, कसा लावावा

घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं मिक्सिंग करायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत एक अडचण येतेच. मुखडा छान बसलेला असतो. पण अंतऱ्याची पहिली ओळ गिटारखाली बुडते, आणि वरचा षड्ज लागला की हेडफोन काढावेसे वाटतात. एका ओळीसाठी फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारं सरकतं बटण) वर करावा तर पुढची ओळ अंगावर येते. कॉम्प्रेसर म्हणजे अशा वेळी फेडरवर ठेवलेला एक चपळ हात. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो खाली दाबतो, आवाज उतरला की सोडून देतो.

ही झाली व्याख्या. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर दोन वेगळी कामं करतो, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ सुरू होतो. पहिलं काम पातळी सारखी करण्याचं: ओळीओळीतला, शब्दाशब्दातला चढ-उतार कमी करायचा. दुसरं काम आवाजाचा आकार बदलण्याचं: ड्रमच्या ठोक्याची धार वाढवायची, ती बोथट करायची, किंवा ठोक्यामागचा गुंजारव पुढे आणायचा. पहिल्या कामात कॉम्प्रेसर ऐकू येता कामा नये. दुसऱ्या कामात तो ऐकू यावा म्हणूनच लावलेला असतो. तेव्हा कॉम्प्रेसर उघडण्याआधी यातलं कोणतं काम करायचंय ते ठरवा. उत्तर सापडत नसेल तर त्या ट्रॅकला बहुधा कॉम्प्रेसरची गरजच नाही.

आधी खोली आणि रेकॉर्डिंग

कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग आपण मेकअप गेन (दाबल्यानं घटलेली पातळी भरून काढणारी वाढ) देऊन सगळंच वर उचलतो. इथेच घरच्या स्टुडिओची खरी कसोटी आहे. समजा, तुम्ही ८ डीबी (डेसिबल) दाबलं आणि तेवढंच परत उचललं. आता दोन ओळींमधल्या शांततेत पंख्याची घरघर ८ डीबीनं वाढली, आणि खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाजही. अनेकांना वाटतं की स्वस्त कॉम्प्रेसरमुळे आवाज ‘डब्यात’ गेल्यासारखा झाला. बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो. कॉम्प्रेसरनं तो फक्त उघडा पाडलेला असतो.

म्हणून पहिली पायरी माइकपाशी आहे. गायक माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर असू द्या. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं झालं की थेट आवाज साधारण ६ डीबीनं वाढतो, खोलीचा प्रतिध्वनी मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. पंखा बंद, मागे जाड पडदा किंवा गादी, समोर पॉप फिल्टर. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सर्वांत मोठ्या जागी मीटर उणे १२ ते उणे १० डीबीएफएसपर्यंत (डिजिटल पातळीचं माप, ज्यात शून्य म्हणजे कमाल) जाऊ द्या. २४ बिटमध्ये सैद्धांतिक आवाका सुमारे १४४ डीबीचा असतो, त्यामुळे मीटर शून्याला टेकवण्याची काहीच गरज नाही.

दुसरी पायरी कंटाळवाणी आहे, पण तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. कॉम्प्रेसर लावण्याआधी ट्रॅक शेवटपर्यंत ऐका आणि जिथे एखादी ओळ किंवा शब्द उघडच फार मोठा वा लहान आहे, तिथे त्या तुकड्याची स्वतःची पातळी, म्हणजे क्लिप गेन, हातानं बदला. किंचाळलेला स्वर ५ डीबी खाली, पुटपुटलेला शब्द ३ डीबी वर. एका गाण्याला १५ ते २० मिनिटं लागतात. हे केलं नाही तर कॉम्प्रेसर एका ओळीवर १२ डीबी दाबतो आणि दुसरीला शिवतही नाही. मग दोन्ही ओळींचा पोत वेगळा लागतो आणि गाणं तुकड्यांत गायल्यासारखं वाटतं.

नॉब आणि थोडं गणित

थ्रेशोल्ड म्हणजे ती पातळी, जिच्यावर गेल्याशिवाय कॉम्प्रेसर हात लावत नाही. रेशो म्हणजे त्या पातळीवरच्या आवाजाला किती सूट द्यायची ते. थ्रेशोल्ड उणे २० डीबी आहे, आवाज उणे ८ पर्यंत पोचला. म्हणजे तो १२ डीबी वर गेला. रेशो ४:१ असेल तर बाहेर पडताना तो थ्रेशोल्डच्या फक्त ३ डीबी वर, म्हणजे उणे १७ ला असेल. ९ डीबी दाबले गेले. हेच ९ गेन रिडक्शनच्या, म्हणजे किती दाबलं ते दाखवणाऱ्या, मीटरवर दिसतात, आणि रेशो-थ्रेशोल्डच्या आकड्यांपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. रेशो १०:१ किंवा त्याच्या वर गेला की त्याला लिमिटर म्हणायची पद्धत आहे.

नी म्हणजे थ्रेशोल्डपाशी दाबायला सुरुवात कशी होते ते. सॉफ्ट नी असेल तर थ्रेशोल्डच्या थोडं आधीपासून हलकं दाबायला लागतो, हार्ड नी असेल तर तिथेच एकदम. गाण्याला सॉफ्ट, ठोक्याला हार्ड. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

खरा जीव अटॅक आणि रिलीजमध्ये आहे. आवाजानं थ्रेशोल्ड ओलांडल्यावर दाब पूर्ण बसायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक. आवाज उतरल्यावर हात सुटायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. नवशिके थ्रेशोल्ड आणि रेशोवर तासभर घालवतात आणि हे दोन नॉब जिथे असतील तिथेच सोडतात. मी उलट क्रम सुचवतो, कारण कॉम्प्रेसरचं वागणं जवळजवळ पूर्णपणे या दोन वेळांवर ठरतं. तो विकत घेताना काय बघायचं हेही त्यांच्यावरच ठरतं.

कानाचा सराव: अति करून ऐका

एक गायनाचा ट्रॅक घ्या, किंवा स्वतःचं बोलणं अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. वाक्यात ‘ख’, ‘ट’, ‘ध’, ‘भ’ अशी जोरकस व्यंजनं भरपूर असू द्या; ‘खडबडीत डोंगरावर धडधडत पाऊस पडला’ यासारखं काहीही चालेल. सॉफ्टवेअरमधला साधा कॉम्प्रेसर लावा, ऑटो मेकअप बंद करा आणि मुद्दाम अति करा: रेशो १०:१, थ्रेशोल्ड इतका खाली की मीटर १५ डीबी दाब दाखवेल. आवाज लहान झाला असेल, तेवढा मेकअप गेन द्या.

आता अटॅक सर्वांत वेगवान करा. व्यंजनांचं टोक गेलेलं ऐकू येईल. ‘ट’ आणि ‘ख’ मऊ, दूरचे लागतील. अटॅक सावकाश वाढवत न्या: १ मिलिसेकंद, ५, १०, ३०. एका जागी व्यंजन परत उभं राहतं. दाब बसण्याआधीच ते निसटून जातं म्हणून हे घडतं. अजून पुढे गेलात तर व्यंजन जरुरीपेक्षा टोचायला लागेल. मधली जागा कुठे आहे ती कानानं धरून ठेवा.

मग रिलीज. अगदी वेगवान रिलीजवर प्रत्येक शब्दानंतर आवाज उसळून वर येतो आणि श्वास गाण्याइतके मोठे होतात. अगदी मंद रिलीजवर एका मोठ्या शब्दानंतरची अख्खी ओळ दाबलेलीच राहते. या दोन टोकांच्या मध्ये अशी जागा असते, जिथे गेन रिडक्शनचा काटा गाण्याबरोबर डोलतो आणि पुढच्या ठोक्याच्या आत शून्याकडे परततो. लयीचा अंदाज हवा असेल तर ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं (मिनिटाला किती मात्रा, त्या आकड्यानं) भागा: १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, अर्धी २५०. हा आकडा फक्त सुरुवात करायला. शेवटी काट्याचं डोलणं आणि कान यांच्यावर विसंबा.

या दोन्ही जागा सापडल्यावर रेशो १०:१ वरून खाली आणा, ३:१ च्या आसपास. सर्वांत शेवटी थ्रेशोल्ड वर न्या, दाब ४-५ डीबीपर्यंत येईस्तोवर. अटॅक, रिलीज, रेशो, थ्रेशोल्ड: हा क्रम आठवडाभर रोज एका वेगळ्या वाद्यावर केलात तर कॉम्प्रेशन ‘दिसायला’ लागतं.

तुलना करताना पातळी सारखी ठेवा

माणसाच्या कानाला जरा मोठा आवाज जास्त चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की पातळी बदलली की खालच्या आणि वरच्या कंप्रतांचं भान बदलतं. मोठ्या आवाजात खर्ज भरदार आणि वरचा भाग स्वच्छ लागतो. कॉम्प्रेसर चालू केल्यावर आवाज २ डीबीनं वाढला असेल तर तुम्ही त्या २ डीबीच्या प्रेमात पडलेले असता.

उपाय सोपा आहे. बायपास करून, म्हणजे कॉम्प्रेसर तात्पुरता बंद ठेवून, एक ओळ ऐका, चालू करून तीच ओळ ऐका, आणि मेकअप गेन असा ठेवा की दोन्ही सारख्याच मोठ्या वाटतील. एलयूएफएस मीटर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजणारा) असेल तर शॉर्ट-टर्मचा, म्हणजे शेवटच्या काही सेकंदांचा, आकडा जुळवा. पीक मीटर इथे उपयोगाचा नाही, कारण कॉम्प्रेसरनं शिखरंच कापलेली असतात. मग डोळे मिटून बायपासचं बटण आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे चालू आहे की बंद हे तुम्हालाच कळणार नाही. आता जे आवडेल ते ठेवा. मी माझ्या कितीतरी ट्रॅकवरचे कॉम्प्रेसर याच कसोटीनंतर काढून टाकलेत.

कोणत्या जातीचा कॉम्प्रेसर

बाजारात शेकडो प्लगइन (सॉफ्टवेअरमधले कॉम्प्रेसर) आहेत, पण त्यातली बरीचशी चार जुन्या जातींच्या नकला आहेत. यंत्राचं नाव पाठ करण्यापेक्षा त्याचा हात किती वेगानं हलतो ते समजून घ्या.

ऑप्टो जातीत आवाजाच्या जोरावर एक छोटा दिवा उजळतो आणि त्याचा प्रकाश प्रकाशसंवेदी रोधकावर पडून आवाज खाली येतो. टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए हा १९६० च्या दशकातला नमुना आजही मापदंड मानला जातो. त्यावर मुख्य नॉब दोनच: गेन आणि पीक रिडक्शन. अटॅक साधारण १० मिलिसेकंदांचा. रिलीज दोन टप्प्यांत होतो. निम्मा दाब सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला कित्येक सेकंद रेंगाळतो. म्हणून तो गाण्यावर इतका सहज बसतो: शब्दामागे धावत नाही, ओळीमागे चालतो.

एफईटी (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर चालणारी) जात याच्या अगदी उलट. बिल पुटनम यांचा ११७६ हा १९६७ मध्ये आला. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, रिलीज ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. त्याचा सर्वांत मंद अटॅकसुद्धा एक मिलिसेकंदाच्या आत आहे! त्यात थ्रेशोल्डचा नॉब नाही, इनपुट वाढवलं की दाब वाढतो. शिवाय अटॅक-रिलीजचे नॉब उजवीकडे फिरवले की वेग वाढतो. इतर बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये उजवीकडे वेळ वाढते. त्याच्या नकलांमध्येही हेच असतं, आणि हे माहीत नसल्यानं पुष्कळ जण त्याला अगदी उलट लावतात. आवाज पुढे, चेहऱ्यासमोर आणायचा असेल तेव्हा हा घ्या.

व्हीसीए (व्होल्टेजनं नियंत्रित होणाऱ्या अॅम्प्लिफायरची) जात अचूक आणि स्वच्छ. डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीचा १९७० च्या दशकातला १६० हा ठोक्यांसाठी नावाजलेला, आणि एसएसएल कंपनीच्या कन्सोलमधला (मोठ्या स्टुडिओतल्या मिक्सरमधला) बस कॉम्प्रेसर (बस म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात ती वाट) अख्ख्या मिक्सवर लावण्यासाठी.

व्हॅरी-म्यू जातीत दाबण्याचं काम नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह करतात. फेअरचाइल्ड ६७० मध्ये एकूण २० नळ्या होत्या. जितका आवाज मोठा, तितका रेशोही आपोआप वाढतो. ही जात मंद, गोलसर आहे. ग्रुपवर किंवा पूर्ण मिक्सवर १-२ डीबीसाठी सुंदर.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने यातलं काहीच घेऊ नका. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत आलेला साधा कॉम्प्रेसर घ्या, ज्यात सगळे नॉब उघडे असतात आणि गेन रिडक्शन नीट दिसतं. रीपरमधला रिआकॉम्प, किंवा फुकट मिळणारं टीडीआर कोटेलनिकॉव्ह, ही त्यासाठी उत्तम आहेत. दोन नॉबवालं क्लांगहेल्मचं डीसी१ए हेही फुकट आहे, पण ते शिकण्यासाठी नाही, कारण वेळ ठरवायला त्यात नॉबच नाहीत. सगळे नॉब कळले की मग एक ऑप्टो आणि एक एफईटी नक्कल घ्या. घरच्या स्टुडिओतली जवळजवळ सगळी कामं एवढ्यात होतात.

यंत्र घ्यायचंच असेल तर

कॉम्प्रेसरचं खरं यंत्र घेण्याचा मोह मला कळतो. नॉबला हात लावून काम करण्यात वेगळी एकाग्रता असते. पण घेण्याआधी जोडणी तपासा, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. कॉम्प्रेसरला लाइन लेव्हलचा आवाज लागतो. माइक थेट त्यात लावता येत नाही. माइकनंतर प्रीअॅम्प (माइकचा क्षीण आवाज लाइन लेव्हलपर्यंत वाढवणारा), मग कॉम्प्रेसर, मग इंटरफेसचं लाइन इनपुट, असा मार्ग हवा. प्रीअॅम्प इंटरफेसच्या आतच असेल तर त्याला इन्सर्ट (प्रीअॅम्पनंतर आवाज बाहेर काढून परत आत घ्यायची जोडणी) आहे का ते बघा. इन्सर्ट नसेल तर गाताना यंत्र मध्ये घालता येणार नाही. रेकॉर्ड झालेला ट्रॅक मोकळ्या लाइन आउटपुटनं बाहेर काढून, यंत्रातून फिरवून परत आत घ्यावा लागेल. त्यात उशीर येतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये भरून काढावा लागतो. यंत्र अधिक ४ डीबीयू (व्यावसायिक) पातळीचं आहे की उणे १० डीबीव्हीचं (घरगुती), हेही इंटरफेसशी जुळवून घ्या.

गाताना यंत्रातून दाबलेला आवाज परत उलगडता येत नाही. मी एकदा उत्साहाच्या भरात अख्खं गाणं १० डीबी दाबून रेकॉर्ड केलं. हेडफोनमध्ये ते भरदार वाटलं. मिक्सिंगला बसल्यावर प्रत्येक श्वास शब्दाएवढा मोठा निघाला. गाणं पुन्हा गाऊन घ्यावं लागलं, आणि पहिल्या टेकमधला तो जीव काही परत आला नाही. तेव्हापासून रेकॉर्ड करताना मी जास्तीत जास्त २-३ डीबीवर थांबतो. गायकाला हेडफोनमध्ये भरदार आवाज हवा असेल तर फक्त मॉनिटरच्या वाटेवर प्लगइन लावतो.

गायनावर, पायरीपायरीनं

क्लिप गेन झाला. आता इक्वलायझरचा हाय-पास फिल्टर (ठरावीक कंप्रतेच्या खालचं कापणारा) ८० हर्ट्झच्या आसपास लावा. स्टँडला बसलेला धक्का, ‘प’ आणि ‘भ’ चा वारा हे आधी काढले नाहीत तर कॉम्प्रेसर गाण्याऐवजी त्यांनाच दाबत बसतो. आवाजाचा रंग सुधारण्यासाठीचा इक्वलायझर मात्र मी कॉम्प्रेसरनंतर लावतो.

पहिला कॉम्प्रेसर वेगवान: रेशो ४:१, अटॅक १-२ मिलिसेकंद, रिलीज ५०-६०. थ्रेशोल्ड असा की फक्त उसळलेल्या शब्दांवर २-३ डीबी दाब दिसेल. इतर वेळी काटा शून्यावर. त्यानंतर दुसरा, ऑप्टो किंवा तसा वागणारा: रेशो ३:१, अटॅक १०-१५, रिलीज १५०-२५०, आणि सगळ्या ओळींवर ३-४ डीबी. एकाच कॉम्प्रेसरला ७ डीबीचं ओझं देण्यापेक्षा दोघांत वाटलं की दोघांचंही काम ऐकू येत नाही. गाणं संथ असेल तर पहिला बहुतेक वेळा लागतच नाही.

आता ‘स’ आणि ‘श’ ऐका. कॉम्प्रेशननंतर ते जास्त टोचतात, कारण त्यांच्यात जोर कमी असल्यानं ते दाबले जात नाहीत आणि मेकअप गेनबरोबर वर येतात. डी-एसर (फक्त हे सीत्कार दाबणारा कॉम्प्रेसर) साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये लावा आणि ‘सशक्त’ किंवा ‘स्पष्ट’ असा शब्द लूपवर ठेवून जुळवा. बोबडं वाटायला लागलं की मागे फिरा. एवढं करूनही काही शब्द हरवत असतील तर ते फेडरच्या ऑटोमेशननं (फेडरची हालचाल सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून) उचला. थ्रेशोल्ड आणखी खाली आणू नका. पॉडकास्ट किंवा निवेदनाला हीच रीत लागू आहे, फक्त पहिला कॉम्प्रेसर वगळा.

बाकीची वाद्यं

बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन जवळजवळ २४ मिलिसेकंदांचं. अटॅक आणि रिलीज दोन्ही याहून बरेच कमी ठेवले तर कॉम्प्रेसर एकेका आवर्तनाच्या आतच दाबू-सोडू लागतो आणि आवाज फाटतो. म्हणून अटॅक २५-३०, रिलीज १५० च्या पुढे, रेशो ४:१, दाब ५-६ डीबी.

स्नेअर ड्रमवर अटॅक २०-३० ठेवला तर ठोक्याची धार निसटून पुढे येते आणि मागचं अंग दबतं. १ मिलिसेकंद ठेवला तर ठोका मागे जातो. दोन्ही बरोबर असू शकतं, गाण्यात तो कुठे हवाय त्यावर. ठोके सपाट न करता भरदार करायचे असतील तर ड्रमची एक प्रत वेगळ्या बसवर पाठवा, तिथे १५ डीबी दाबा आणि ती मूळ आवाजाखाली हळूच मिसळा. अकूस्टिक गिटारला २:१ आणि २-३ डीबी पुरे. बोटांनी वाजवलेली असेल तर बहुतेकदा काहीच नको.

पूर्ण मिक्सवर रेशो २:१, अटॅक ३०, रिलीज ऑटो, दाब १ ते २ डीबी. साइडचेनमधला (कॉम्प्रेसर जे ऐकून दाब ठरवतो त्या वाटेवरचा) हाय-पास १०० हर्ट्झच्या आसपास चालू करा, नाहीतर प्रत्येक किक ड्रमसरशी गाणंही खाली जातं. हा कॉम्प्रेसर मिक्सच्या सुरुवातीलाच लावा आणि त्यातून ऐकतच पुढचं काम करा. शेवटी लावला तर जमवलेला तोल बदलतो. गाणं शक्य तितकं मोठं करण्याची घाई नको. अनेक स्ट्रीमिंग सेवा पातळी स्वतःच सारखी करतात. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं. लिमिटरनं चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं, चिरडलेलं तसंच राहतं.

बिघाड कानानं ओळखणं

श्वास आणि पंखा दोन शब्दांमध्ये वर येत असतील तर रिलीज वाढवा. तरी राहिलं तर दाब कमी करा. आवाज निर्जीव, मागे गेलेला वाटला तर अटॅक वाढवा. शब्दांचं टोक टोचत असेल तर तो कमी करा. खर्जात करकर येत असेल तर रिलीज मंद करा. मोठ्या शब्दानंतरची ओळ बुडत असेल तर रिलीज जास्त आहे, किंवा तो शब्द क्लिप गेनमध्ये राहून गेलाय. स्टीरिओ ट्रॅकवर गाणं डावी-उजवीकडे झुकल्यासारखं वाटलं तर स्टीरिओ लिंक बंद पडलेली आहे, ती चालू करा. आणि काटा सतत ६ डीबीवर गोठल्यासारखा उभा असेल, शून्याकडे फिरकतच नसेल, तर तो कॉम्प्रेसर पातळी सांभाळत नाही, नुसता आवाज लहान करून बसलाय: थ्रेशोल्ड वर न्या, काटा पुन्हा डोलायला लागेपर्यंत.